औषध लागू पडलं, हे कशावरून म्हणायचं?

रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट हाती येतो तेव्हा त्यावर जंतूचं नाव असतं, खाली पंधरा-वीस अँटिबायोटिक्सची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही, ‘आय’ म्हणजे अधलंमधलं. अतिदक्षता विभागात रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो, बाहेर नातेवाईक ताटकळत असतात, आणि बहुतेक ओळींपुढे ‘आर’ छापलेल्या कागदावर सगळ्यांचे डोळे एखादा ‘एस’ शोधत असतात. तो सापडला की जीव भांड्यात पडतो. ही आशा स्वाभाविक आहे. पण गेल्या काही वर्षांत झालेल्या मोजक्या, काटेकोर अभ्यासांनी दाखवून दिलंय की कागदावरचं अक्षर आणि रुग्णाचा जीव यांत बरंच अंतर पडू शकतं. औषध लागू पडलं की नाही, हे ठरवायचं माप शेवटी एकच आहे: महिन्याभरानंतर रुग्ण जिवंत आहे का? हे माप लावून पाहिलं तेव्हा वर्षानुवर्षं पक्क्या मानलेल्या काही समजुती टिकल्या नाहीत. भारतात औषधांना दाद न देणारे जंतू घरोघरी नसले तरी रुग्णालयोरुग्णालयी आहेत, आणि तरीही इथल्या रुग्णांवर, इथल्या जंतूंवर हे माप फार क्वचित लावलं गेलंय. नवी औषधं शोधण्याइतकंच ते काम निकडीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी प्रयोगशाळेत काय घडतं ते पाहू. रुग्णाचं रक्त एका बाटलीत घालून ती यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र इशारा देतं. मग ते जंतू वेगळे करून, ओळख पटवून, औषधांसमोर तपासतात. पूर्ण रिपोर्ट यायला बहुधा दोन ते तीन दिवस जातात. तपासणीची प्रमाणित रीत अशी, की छोट्या छोट्या खळग्यांत औषधाची मात्रा दुपटीदुपटीनं वाढवत न्यायची आणि प्रत्येक खळग्यात दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जंतू सोडायचे. रात्रभरात ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबलेली दिसेल, तो आकडा ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा. मर्यादेच्या आत असला तर ‘एस’. ही पद्धत उत्तम आहे, तिच्याशिवाय आपण आंधळे झालो असतो. पण यकृतातल्या गळूत जंतू लाखांत नसतात, कोट्यवधींत असतात. जंतूंची संख्या वाढली की औषध फोडणाऱ्या एन्झाइमचा साठाही वाढतो. शिवाय काचेच्या खळग्यात मूत्रपिंड निकामी झालेलं नसतं, सलाइननं अंग सुजलेलं नसतं, औषध फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचायचं नसतं. मूत्रमार्गात अडकलेला खडा, आत साचलेला पू, शिरेत राहिलेली नळी हेही तिथे नसतं. अशा जागा मोकळ्या केल्याशिवाय अनेकदा कोणतंच अँटिबायोटिक पुरं पडत नाही.

हे अंतर किती जीवघेणं ठरू शकतं, ते ‘मेरिनो’ नावाच्या चाचणीनं २०१८ मध्ये दाखवलं. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे आतड्यात राहणारे जंतू रक्तात शिरले आणि सेफट्रायॅक्झोनसारख्या औषधांना दाद देईनासे झाले, की डॉक्टर मेरोपेनेम देतात. मेरोपेनेम राखून ठेवण्याजोगं औषध आहे, म्हणून जिथे जंतू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमलाही दाद देतो तिथे तेच द्यावं, असा विचार जोर धरत होता. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत दोन्ही औषधं सारखीच दिसली होती. मेरिनोत नऊ देशांतल्या रुग्णांना सोडत काढून दोन गटांत वाटलं. दोन्ही गटांतल्या रुग्णांचे जंतू स्थानिक प्रयोगशाळेच्या रिपोर्टनुसार दोन्ही औषधांना ‘एस’ होते. तीस दिवसांत मेरोपेनेमच्या गटातले १९१ पैकी ७ रुग्ण दगावले, म्हणजे ३.७ टक्के. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १८७ पैकी २३, म्हणजे १२.३ टक्के. ठरलेली रुग्णसंख्या पुरी होण्याआधीच चाचणी थांबवावी लागली.

यावर आक्षेप आले आणि ते रास्त होते. मृत्यू पावलेल्यांपैकी अनेकांना कर्करोगासारखे मोठे आजार होते, मग दोष औषधाचा कसा? शिवाय नंतर जंतूंचे साठवलेले नमुने अधिक अचूक पद्धतीनं पुन्हा तपासले तेव्हा कळलं, की आधी ‘एस’ ठरलेल्या काही जंतूंना पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम मुळात पुरेसं लागू नव्हतं. असे रुग्ण वगळल्यावर दोन गटांतला फरक सुमारे ९ टक्के आणि ४ टक्के इतका खाली आला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो नक्की म्हणता येईना. पहिल्या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे: सोडतीमुळे मोठ्या आजारांचे रुग्ण दोन्हीकडे साधारण सारखेच विभागले जातात, आणि आधीच खचलेल्या शरीरालाच तर योग्य औषधाची गरज सर्वांत जास्त असते. दुसरा आक्षेप मात्र मेरिनोला खोडत नाही, उलट तिचा मुद्दा आणखी ठसवतो. रुग्णाच्या खाटेपाशी डॉक्टरच्या हाती जो रिपोर्ट येतो तो नेहमीच्या प्रयोगशाळेचा असतो, वर्षभरानं संशोधकांनी पुन्हा तपासलेला नसतो. त्या नेहमीच्या ‘एस’वर विसंबून उपचार केले तर काय होतं, हाच तर प्रश्न होता.

आता त्याहून कठीण परिस्थितीकडे वळू: जिथे मेरोपेनेमसुद्धा चालत नाही. अशा वेळी वर्षानुवर्षं आधार राहिला तो कोलिस्टिनचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये एका मृदाजंतूपासून मिळालेलं हे औषध मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही तेव्हा ते परत आणावं लागलं. शिरेतून दिलेलं औषध शरीरात हळूहळू कोलिस्टिनमध्ये बदलतं, म्हणून सुरुवातीला ९० लाख युनिटांचा मोठा डोस देतात. परिणाम करणारी मात्रा आणि मूत्रपिंडाला बाधणारी मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. त्याची तपासणीही औषध लावलेल्या चकत्या ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतीनं भरवशाची होत नाही, कारण या औषधाचा मोठा रेणू प्लेटवरच्या आगरमध्ये नीट पसरत नाही. प्रयोगशाळांसाठी निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनं, सीएलएसआयनं, २०२० मध्ये कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच काढून टाकला. जास्तीत जास्त ‘आय’ लिहा, असं सांगितलं. प्रयोगशाळेतल्या निकालावरून रुग्ण वाचेल असं आश्वासन देता येत नाही, ही कबुली एका अक्षराच्या अनुपस्थितीत छापली गेली.

कोलिस्टिन एकटं कमकुवत, म्हणून त्याला जोड म्हणून मेरोपेनेम द्यायची रीत जगभर पडली. जंतू मेरोपेनेमला दाद देत नाही हे माहीत असूनही द्यायचं, कारण काचेच्या नळीत दोघं मिळून जास्त मारा करताना दिसत होती आणि जुन्या नोंदींतही दोन औषधं मिळालेले रुग्ण जास्त वाचलेले दिसत होते. या दुसऱ्या पुराव्यात एक खोट असू शकते आणि ती समजून घेण्याजोगी आहे. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि दुसरं औषध बहुधा त्यानंतर सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांतच जो दगावला त्याची नोंद ‘एक औषध’ या रकान्यात होते. दुसरं औषध सुरू होईपर्यंत जो तगला, त्यालाच ते मिळतं. मग दोन औषधांचा रकाना चांगला दिसणारच, औषधानं काहीही केलेलं नसलं तरी. सोडत काढून केलेल्या चाचणीत ही खोट राहत नाही. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवर झालेल्या ‘आयडा’ चाचणीत अठ्ठावीस दिवसांत एकट्या कोलिस्टिनवरचे ४३ टक्के रुग्ण दगावले आणि जोडीवरचे ४५ टक्के. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अधिक देशांत केलेल्या ‘ओव्हरकम’ चाचणीत हे आकडे ४३ आणि ३७ आले. तोही फरक योगायोगाच्या पलीकडे आहे असं म्हणता आलं नाही. दोन्हीकडे बहुसंख्य रुग्णांना अॅसिनेटोबॅक्टर या दुसऱ्याच जंतूचा संसर्ग होता, त्यामुळे क्लेबसिएलाबद्दल शेवटचा शब्द झाला असं मी म्हणणार नाही. पण शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण महिन्याभरात जातात आणि भरीला घातलेलं दुसरं औषध त्यांना वाचवताना दिसत नाही, एवढं तरी स्पष्ट आहे.

मग नवीन औषध आलं की प्रश्न सुटेल? इथेही आकडे सबुरीचा सल्ला देतात. सेफिडेरोकॉल हे जंतूच्या लोहाच्या भुकेचा फायदा घेऊन त्याच्या आत शिरणारं औषध प्रयोगशाळेत अतिशय प्रभावी ठरलं. ‘क्रेडिबल-सीआर’ या चाचणीत मात्र सेफिडेरोकॉल मिळालेल्या १०१ रुग्णांपैकी ३४ दगावले आणि उपलब्ध जुन्या औषधांवरच्या ४९ पैकी ९. चाचणी लहान होती आणि गटांची सुरुवातीची प्रकृती अगदी सारखी नव्हती, त्यामुळे औषध घातक आहे असा अर्थ काढणं चूक ठरेल. पण ते जुन्यांपेक्षा जीव अधिक वाचवतं असंही यातून म्हणता येत नाही. याच्या उलट उदाहरण सल्बॅक्टम-ड्युर्लोबॅक्टमचं. अॅसिनेटोबॅक्टरच्या संसर्गात कोलिस्टिनशी तुलना केली तेव्हा मृत्यू ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले आणि मूत्रपिंडांची इजा ३८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर. दोन्ही औषधं नवी आणि दोन्हींमागे बुद्धिमान रसायनशास्त्र आहे. कोणतं किती जीव वाचवेल हे आधी ओळखता आलं नसतं. नियामकांचा परवाना मिळाला म्हणजे हा प्रश्न सुटला, असंही नाही. परवान्यासाठीच्या चाचण्या बऱ्याचदा मूत्रमार्गाच्या संसर्गावर होतात, कारण तिथे रुग्ण पुरेसे मिळतात आणि मृत्यू फार कमी होतात. चेन्नईच्या ऑर्किड फार्मानं शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ही भारतीय संशोधनासाठी मोठी गोष्ट आहे. पण तीही मूत्रमार्गाच्या संसर्गासाठीच आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं काय, याचं उत्तर वेगळ्या चाचणीतूनच मिळेल.

इथे कुणी म्हणेल, परदेशात चाचण्या होताहेत, निकाल येताहेत, ते वापरू. आपण वेगळ्या कशाला करायच्या? याचं उत्तर जंतूंच्या भूगोलात आहे. अमेरिकेत मेरोपेनेमला हरवणाऱ्या क्लेबसिएलाकडे मुख्यतः केपीसी नावाचं एन्झाइम असतं. भारतात एनडीएम आणि ऑक्सा-४८ जातीची एन्झाइम अधिक आढळतात. एनडीएमचा शोध दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या नमुन्यातून लागला, त्याच्या नावात नवी दिल्ली आली आणि २०१० मध्ये त्यावरून मोठा वाद झाला. नावाचा वाद विरला, एन्झाइम राहिलं. सेफटाझिडिम-अव्हिबॅक्टम हे केपीसीवर चालणारं औषध एनडीएमपुढे एकटं निष्प्रभ आहे. एनडीएमला अझ्ट्रिओनाम हे जुनं औषध फोडता येत नाही, पण त्याच जंतूकडची इतर एन्झाइम ते फोडतात. अव्हिबॅक्टम त्या इतरांना निकामी करतं, म्हणून दोन्ही औषधं एकत्र देतात. इटली आणि ग्रीसमधल्या १०२ रुग्णांच्या निरीक्षणात ही जोडी मिळालेल्यांपैकी १९.२ टक्के तीस दिवसांत दगावले, इतर उपचारांवरचे ४४ टक्के. आकडे उमेद देणारे आहेत, पण इथे सोडत काढलेली नव्हती, आणि कोलिस्टिनच्या जोडीबद्दलची आशाही अशाच निरीक्षणांतून आली होती. त्यात भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायच्या अनेक वाणांत अझ्ट्रिओनाम जिथे चिकटतं त्या प्रथिनातच बदल झालेला आढळतो. म्हणजे इटलीत चाललेली जोडी नागपुरात तितकीच चालेल, हे गृहीत धरायला आधार नाही.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: माणूस मरणाच्या दारात असताना सोडत कसली काढता? हाती असेल ते सगळं द्या. यातली तळमळ मला मान्य आहे, आणि उपचार लगेच सुरू करण्याबद्दल दुमत नाहीच. कल्चरसाठी रक्त घ्यावं आणि पहिला डोस विनाविलंब द्यावा. पण ‘सगळं द्या’ म्हणण्यात एक गृहीत दडलेलं आहे, की जास्तीच्या औषधानं फायदा नाही झाला तरी तोटा होत नाही. कोलिस्टिननं मूत्रपिंड जातं, डायलिसिस लागतं, एकेका दिवसाचं बिल कुटुंबाला कर्जात लोटतं, आणि मेरोपेनेमच्या वायफळ वापरातून पुढच्या रुग्णासाठी आणखी चिवट जंतू तयार होतात. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे खरोखर ठाऊक नसतं तेव्हा डॉक्टर आपल्या सवयीनं एक निवडतोच. फरक एवढाच, की त्या निवडीतून कुणी काही शिकत नाही. कोरोनाच्या काळात ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांनी २०२० च्या मार्चमध्ये ‘रिकव्हरी’ ही चाचणी सुरू केली आणि जूनमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल हाती आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऐन धुमाळीत, थकलेल्या डॉक्टरांच्या हातून, स्वस्तातल्या औषधावर हे झालं.

जीव वाचवायचा तर मेरोपेनेम द्या आणि प्रतिरोध रोखायचा तर देऊ नका, असा पेच मेरिनोमुळे पडला हे खरं. पण तो सोडवायलाही हेच माप उपयोगी पडतं. मेरोपेनेमनं जीव वाचतो तिथे ते द्यावं. कोलिस्टिनच्या जोडीला ते जिथे काही करत नाही तिथे आवरावं. किती दिवस द्यावं, हाही हिशेब तसाच. रक्तातल्या संसर्गाच्या ३,६०८ रुग्णांवर झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत सात दिवसांच्या कोर्समध्ये नव्वद दिवसांपर्यंत १४.५ टक्के रुग्ण दगावले, चौदा दिवसांच्या कोर्समध्ये १६.१ टक्के. म्हणजे निम्म्या दिवसांत भागलं. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचे आणि खोल साठ्यांतले संसर्ग घेतलेले नव्हते, म्हणून रुग्णानं आपल्या मनानं कोर्स अर्ध्यावर सोडावा असा याचा अर्थ बिलकुल नाही.

योग्य औषध हाती असूनही रुग्णापर्यंत पोचत नाही, ही दुसरी बाजू. कार्बापेनेम गटाला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटाला, न जुमानणाऱ्या जंतूंचे आठ देशांत मिळून २०१९ मध्ये सुमारे १५ लाख संसर्ग झाले आणि त्यांपैकी फक्त ६.९ टक्के रुग्णांना योग्य औषध मिळालं असावं, असा अंदाज ‘गार्डपी’ या संस्थेच्या संशोधकांनी औषधविक्रीच्या आकड्यांवरून मांडला आहे. त्या आठांत भारत आहे आणि इथलं प्रमाण ७.८ टक्के आहे. ज्या देशात सर्दीवरही अँटिबायोटिक दिलं जातं, त्याच देशात मरणासन्न माणसाला हवं ते मिळत नाही. हे वाचून कुणी म्हणेल, आधी औषधं पोचवा, चाचण्या नंतर. पण सरकारनं कोणतं महागडं औषध कोणत्या रुग्णांसाठी विकत घ्यावं हे ठरवायलाही तोच पुरावा लागतो. नाही तर पैसा ज्याची जाहिरात मोठी त्याच्याकडे जातो. हात धुणं, नळ्या वेळेवर काढणं, शौचालयं आणि सांडपाणी यांतून संसर्ग मुळातच कमी होतील, त्यात शंका नाही. पण आज रात्री दाखल होणाऱ्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

या पुराव्याची चणचण सर्वांत जास्त कुठे आहे, तर नवजात बाळांच्या विभागात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून अधिक नवजात बाळांवर केलेल्या अभ्यासात अॅसिनेटोबॅक्टर हा सर्वांत जास्त आढळलेला जंतू होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना न जुमानणारे होते. पुढे भारतासह अकरा देशांतल्या सुमारे ३,२०० आजारी बाळांच्या निरीक्षणात उपचारांसाठी औषधांच्या दोनशेहून अधिक वेगवेगळ्या जोड्या वापरलेल्या आढळल्या. त्यांतली कोणती चांगली हे सिद्ध झालं असतं, तर दोनशे जोड्या राहिल्याच नसत्या. आता दक्षिण आफ्रिका आणि केनियात सुरू झालेल्या ‘निओसेप-१’ चाचणीत फॉस्फोमायसिन, फ्लोमॉक्सेफ आणि अॅमिकॅसिन यांच्या जोड्या सोडतीनं देऊन अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू मोजले जाणार आहेत. ही जुनी, पेटंट संपलेली औषधं आहेत. त्यांच्या चाचणीवर खर्च करून कोणत्याही कंपनीला नफा होणार नाही. तो खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा. आयसीएमआरचं प्रतिजैविक-प्रतिरोधावरचं देशव्यापी जाळं २०१३ पासून जंतू मोजत आहे, महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नवजात विभाग आहेत आणि तिथे अशी बाळं रोज दाखल होतात. जंतू मोजणाऱ्या या जाळ्याला रुग्ण मोजायचं काम दिलं आणि या विभागांना त्यासाठी एकेक परिचारिका व एकेक संशोधन सहायक यांचा पगार दिला, तर इथल्या जंतूंसाठी कोणती जोडी द्यायची याचं उत्तर इथूनच येऊ शकेल.